संकासूर मरत नाही

रत्नागिरीतल्या ज्या दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून बसते, तिथल्या माझ्या खोलीवर पाटी नाही, नुसता नंबर आहे. पूर्वी पाटी होती. ती होती तेव्हा खोलीत कोणी येत नसे, आणि बाहेरच्या बाकावरची माणसं शेजारच्या दातांच्या विभागाकडे तोंड करून बसत. मग पाटी काढली. आता लोक आत येतात, पण दात दुखत असल्याचा चेहरा करून. दापोलीहून, गुहागरहून पहाटेची एसटी धरून आलेली माणसं घरी सांगून येतात की कवळीचं माप द्यायचंय. एका गृहस्थांची कवळी गेली नऊ वर्षं तयार होते आहे.

माझं काम बोलण्याचं. एचआयव्ही म्हणजे काय, गोळ्या कशा घ्यायच्या, त्या का चुकवायच्या नाहीत, हे मी दिवसभर सांगते. त्याहून मोठं काम न बोलण्याचं. दवाखान्याबाहेर आमच्याकडचं माणूस दिसलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, असा नियम आहे. त्यामुळे गावात माझी ख्याती शिष्ट बाई अशी आहे. नवऱ्याच्या मते मी मुळातच तशी होते, नोकरीने सोय झाली.

या नियमाचा सगळ्यात जास्त फायदा घेतला तो हेदवीकडच्या एका गावातल्या मासे विकणाऱ्या बाईने. ती दर महिन्याला आपल्या भाचीला घेऊन माझ्याकडे यायची. मी खाडीपलीकडे फिरतीला निघाले की फेरीबोटीतून उतरल्याबरोबर जेटीवर ती टोपली मांडून बसलेली दिसे. ती मला ओळखत नसे, मी तिला ओळखत नसे. मी बांगडे मागितले की परक्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे तसले, डोळे पांढरे झालेले बांगडे ती मला देई. एकदा खोलीत दार लावून मी तक्रार केली. ती म्हणाली, "वळखीच्या मानसाला ताजे द्यायचे. तुमची नि माझी वळख कुठं हाय?" यावर नियमात काही उत्तर नव्हतं.

भाची अकरा वर्षांची, सहावीत. तिला हा आजार जन्माबरोबर आईकडून आलेला. वडील आधी गेले, आई ती तीन वर्षांची असताना. तेव्हापासून ती मावशीकडेच. मावशीचं लग्न झालेलं नव्हतं. पोरीपायी झालं नाही असं गाव म्हणे. मावशी म्हणे, आधीसुद्धा कुठं होत होतं. गोळ्या सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. पोरीला सांगितलेलं होतं, तुझं रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या. मावशी घरी गेल्या गेल्या बाटलीवरचा कागद खरवडून काढी आणि गोळ्या सुपारीच्या डब्यात ओती.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका तपासणीत पोरीच्या रक्तातले विषाणू वाढलेले निघाले. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकताहेत. मावशीने देवीची शपथ घेतली की रोज दोन्ही वेळा हातावर ठेवते. डब्यातल्या गोळ्या मोजल्या तर हिशेबाला अगदी बरोबर. ज्यांच्याकडे एक गोळी इकडची तिकडे होत नाही त्यांच्याकडे जरा नीट बघावं, एवढं मी या नोकरीत शिकले आहे. मावशीला बाहेर बसवलं आणि पोरीला विचारलं.

"जिभंखाली धरते. मंग खाडीत टाकते," ती म्हणाली.

"का?"

"मला झालंय काय? शाळेत समद्यांचं रक्त तपासलं. बाई म्हनाल्या, वर्गात सगळ्यात जास्त माझंच हाय. मंग मी रक्ताच्या गोळ्या कशाला खाऊ?"

शाळांमधून मुलांचं रक्त तपासण्याची ती मोहीमही आमच्याच खात्याची. आमच्याच मोहिमेने आमचीच थाप उघडी पाडली होती. पोरीचं म्हणणं रास्त होतं, आणि ते रास्त आहे हे तिला सांगायची मला परवानगी नव्हती.

डॉक्टरांनी मावशीला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. असंच आणखी काही महिने चाललं तर या गोळ्या हिच्यावर चालेनाशा होतील. मग दुसऱ्या आहेत. त्याही वाया गेल्या तर पुढे फारसं काही नाही. पोर मोठी झाली आहे, तिला काय झालंय ते सांगा, म्हणजे घेईल. सांगायचं काम माझं. पण पालकाची संमती असल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही, आणि मावशी नको म्हणाली. पुढच्या महिन्यात विचारलं, नको. त्याच्या पुढच्या महिन्यात, नको.

"तुमी सांगाल नि खुर्चीत बसाल," ती म्हणाली. "गावात मला ऱ्हायचंय. आज ती कोनाला बोलनार नाय. उद्या मैत्रिणीला सांगंल. परवा माझ्या टोपलीला कोन हात लावील?"

मला राग लवकर येतो. समुपदेशकाला तो येऊ नये म्हणून आम्हाला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं, त्यातल्या एका दिवशी मी रजेवर होते. मी म्हटलं, "टोपली मोठी की पोर मोठी?" ती उठून गेली. पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला आली, पण सबंध वेळ माझ्या टेबलावरच्या कॅलेंडराशी बोलली.

अशात मोहीम आली. आमच्याकडे मोहिमा वरून येतात. या वेळचा विषय, जन्मतः एचआयव्ही असलेल्या मुलांविषयी गावोगाव आपुलकी निर्माण करणे. माध्यम, स्थानिक लोककला. सोबत एक फलक, पन्नास टोप्या आणि एक छापील नाटुकलं. ते कुणीतरी शहरात बसून लिहिलेलं होतं. विषाणूसुर नावाचा काळाकभिन्न राक्षस एका मुलाला पछाडतो. शेजारी त्या मुलाला वाळीत टाकतात. शेवटी जनजागृतीदेवी प्रकट होते, तलवारीने राक्षसाचा वध करते आणि सगळे मिळून गाणं म्हणतात. मुलाचं पुढे काय होतं ते लिहिलेलं नव्हतं.

गाव निवडायला साहेब बसले. साहेब नवीन, घाटावरून बदलून आलेले. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं मावशीच्या गावावर. रस्ता चांगला आहे, म्हणाले.

"ते गाव नको, साहेब."

"का?"

कारण सांगता येत नव्हतं. त्या गावात अशी एक मुलगी आहे आणि तिने स्वतःच्या आजाराची हकीकत राक्षसाच्या तोंडून ऐकू नये, हे सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि जायलाच हवी होती.

"मासे चांगले मिळत नाहीत तिथे," मी म्हटलं.

"मी शाकाहारी आहे," साहेब म्हणाले, आणि गाव पक्कं झालं.

लोककला म्हणून त्याच पट्ट्यातलं एक नमन मंडळ, म्हणजे मृदंगावर रात्रभर सोंगं काढणारी मंडळी, ठरवलं. मंडळाचे म्होरके एसटीतून निवृत्त झालेले चालक. त्यांनी चष्मा लावून नाटुकलं सावकाश वाचलं, जणू घाटातून गाडी काढायची आहे, आणि एकच अडचण सांगितली. "राक्षसाचा पोशाख आमच्याकडं नाय. काळा डगला एकच हाय, तो संकासुराचा."

संकासूर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पायघोळ काळा डगला, डोक्यावर उंच निमुळती काळी टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. शिमग्यात तो नाचणाऱ्या खेळ्यांबरोबर दारोदार येतो. पोरं किंचाळत पळतात आणि वळसा घालून पुन्हा त्याच्याच मागे येतात. बायका आपली तान्ही पोरं त्याच्या हातात देतात, त्याला नवस बोलतात. नावात असूर आहे, बाकी सगळं देवाचं. लहानपणी मी त्याला बघून तांदळाच्या पिंपामागे लपले होते आणि तो गेल्यावर, मला न विचारता का गेला, म्हणून रडले होते.

हे मला माहीत होतं. म्होरक्यांना तर माझ्या दसपट माहीत होतं. तरी आम्ही दोघांनी त्याला राक्षस करायचं ठरवून टाकलं, कारण कार्यक्रम गुरुवारी होता आणि दुसरा काळा डगला नव्हता. अशी चूक बाहेरच्या माणसाच्या हातून होत नाही. त्याला संकासूरच ठाऊक नसतो.

संकासूर होणारा माणूस चिरेखाणीत कामाला, दारातून वाकून आत येणारा. त्याने एकच विचारलं, "मरायचं कसं?"

"तीन वार झाले की पडायचं," मी म्हटलं.

"बघू," तो म्हणाला.

कार्यक्रम दुपारी चारला ठेवला, कारण साहेबांना परतीची फेरीबोट गाठायची होती. नमन रात्रीचं असतं. उन्हात मृदंग वाजायला लागल्यावर दोनचार माणसं काय झालं म्हणून धावत आली. आधी देवाला गाऱ्हाणं झालं. शिमगा नसताना संकासूर काढतोय, चूकभूल पदरात घे, सरकारी कार्यक्रम पार पडू दे, साहेबांना हवी तिथे बदली मिळू दे, आणि सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. साहेबांनीही म्हटलं.

शाळेचं पटांगण भरलं. पोरगी पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती. मावशी मागे बायकांमध्ये. मी फलकाकडे बघत उभी राहिले. राक्षस मरणार, टाळ्या पडणार, आणि कधीतरी हिला कळणार की ज्याला गावाने टाळ्या वाजवून मारलं तो आपल्यातच आहे. हे मला त्या संहितेवर पहिल्या दिवशी लिहून पाठवता आलं असतं. मी फक्त शुद्धलेखन तपासून दिलं होतं.

संकासूर आला. पोरं किंचाळली. आणि बायका उठल्या. पहिली एक आली, तिने तान्हं त्याच्या हातात दिलं. मग दुसरी. मग रांग लागली. एका म्हातारीने त्याच्या पायावर डोकं ठेवलं. म्होरके मृदंगावर तोच तोच ताल फिरवत राहिले.

"या बायका विषाणूच्या पाया का पडताहेत?" साहेबांनी माझ्या कानाशी विचारलं.

"आपुलकी निर्माण होते आहे," मी म्हटलं.

पछाडण्याचा प्रवेश कसाबसा झाला. मुलाचं काम करणारे गृहस्थ चाळिशीचे होते, हाफपँटमध्ये. मग जनजागृतीदेवी आली. देवी झालेले गृहस्थ पोस्टात कामाला. त्यांनी थर्माकोलच्या तलवारीचा एक वार केला. संकासूर उभा. दुसरा केला. उभा. तिसऱ्या वाराला प्रेक्षकांतून एक वयस्कर माणूस उठला.

"ओ देवी, काय चाललाय काय? संकासुराला मारायचा नाय."

देवीने तलवार खाली घेतली आणि "मी तेच म्हनत होतो" असं म्हणाली. म्होरके उठून फलकापाशी माझ्याकडे आले.

"बाई, मरत नाय तो."

"खराही मरत नाही," मी म्हटलं. मी घाबरलेली होते, त्यामुळे खरं बोलले.

"मंग खऱ्याचं काय करता?"

"सकाळ-संध्याकाळ वेळेवर गोळी दिली की झोपतो. चुकवली की उठतो. जन्मभर तसंच. तेवढं केलं की माणूस म्हातारा होतो."

"आदी का नाय सांगितलंत?" ते म्हणाले, आणि परत जाऊन बसले.

पुढचं त्यांनी जागेवर रचलं. हाफपँटवाल्या मुलाच्या हातात बत्तासा दिला, मुलाने तो खाल्ला, संकासूर डुलत डुलत खाली बसला आणि घोरायला लागला. मृदंगाची एक थाप, म्हणजे संध्याकाळ. बत्तासा. घोरणं. थाप, सकाळ. मुलगा खेळत सुटला आणि विसरला. संकासुराची घुंगरं हलली. आधी हलकी, मग जोरात. तो एका गुडघ्यावर आला. "गोळी दे, गोळी दे," सगळी पोरं ओरडायला लागली. मुलगा धावत आला, बत्तासा तोंडात टाकला, घुंगरं थांबली. मग शेजारीण आली आणि मुलाला म्हणाली, ये रे माझ्याकडे जेवायला, झोपलेला संकासूर काय करतोय. हे संहितेत नव्हतं. लोकांना ते इतकं आवडलं की तीनदा करावं लागलं.

पहिल्या रांगेत एकच पोर ओरडत नव्हती. तिसऱ्या वेळी घुंगरं हलायला लागली तशी ती उठून उभी राहिली. मग वळली आणि एवढ्या बायकांच्या डोक्यांवरून थेट आपल्या मावशीकडे बघत राहिली. मावशीने मान खाली घातली. मी ते पाहिलं. त्या दोघींना ओळखत नसल्यामुळे मला जागचं हलता आलं नाही.

साहेबांनी अहवालात लिहिलं, संदेश पोचला, परंतु वध झाला नाही.

त्या दोघींची तारीख बारा दिवसांनी होती. त्या सोमवारीच आल्या. मावशीने दार लावलं. चार दिवस झोपली नसावी. "ही काय इचारते ते तुमीच सांगा," ती म्हणाली, आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली. मी अर्जावर लिहिलं, संमती, तोंडी.

अशा वेळी दाखवायला माझ्याकडे चित्रांची एक वही आहे. त्यात शरीर म्हणजे किल्ला आणि पांढऱ्या पेशी म्हणजे मावळे. मी पहिलं पान उघडलं.

"तो माझ्यात हाय ना?" पोरगी म्हणाली.

मी वही मिटली. "हो."

"कदीपासून?"

"जन्मापासून."

तिने आजाराचं नाव विचारलं, मी सांगितलं. तिने ते ऐकलेलं होतं. थोडा वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "झोपलेला असला तर मी मोठी होईन?"

"होशील. नोकरी करशील, लग्न करशील, नवऱ्याशी भांडशील."

"मंग गावात का नाय सांगायचं? संकासूर दारात आला तर लोक ओवाळतात."

चौदा वर्षं मी लोकांना उत्तरं देते आहे. मी म्हटलं, "गावाला अजून तेवढी अक्कल आलेली नाही. येईपर्यंत कोणाला सांगायचं ते तू ठरव." असं सांगा असं कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही.

तिने ते मनाशी तोलून बघितलं. मग विचारलं, "आईच्यात पन होता?"

"हो."

"तिला कोनी गोळ्या दिल्या नाय?"

माझ्याकडे यासाठी एक मऊ वाक्य असतं. ते मी बोलणार तेवढ्यात मावशी भिंतीकडे बघत म्हणाली, "दिल्या होत्या. तू पोटात होतीस तवाच दिल्या होत्या. मी तिला म्हटलं, सासरची बघतील, नको खाऊ. दोघींनी मिळून पुरल्या माडाच्या मुळात."

गरोदरपणी त्या गोळ्या घेतल्या तर बाळ बहुतेक वेळा या आजारातून सुटतं. हे मी रोज सांगते. पोरगी लहान असताना मावशीलाही सांगितलं असणार, वहीतलं पान उलटत, आणि तिने मान डोलावली असणार. इतके महिने मी धरून चालले होते की ही बाई गावाला घाबरते. ती गावाला घाबरत नव्हती. ती या एका प्रश्नाला घाबरत होती, आणि तिला मी टोपली मोठी की पोर मोठी म्हणून विचारलं होतं. मला माझी लाज वाटली. टेबलाच्या माझ्या बाजूला बसून रडायचं नसतं. मी रडले.

पोरीला त्यातलं किती कळलं, मला सांगता येणार नाही. तिने मावशीच्या पाठीकडे बराच वेळ बघितलं. मग दप्तरातून वहीच्या कागदाची एक पुडी काढली. आत सकाळची गोळी होती. साडेअकरा वाजत आले होते. उशिरा का होईना घेतलेली चालते, हे मी सांगणार होते, पण तिने विचारलंच नाही.

"मावशी, हिकडं बघ," ती म्हणाली.

मावशी वळली. पोरीने गोळी जिभेवर ठेवली, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि मान वर केली. मावशी तिच्या गळ्याकडे बघत राहिली, गोळी खाली उतरेपर्यंत.